भुकेची रेघ

पितळी वाटग्यातलं पाणी निवत चाललं होतं, हे दोघांनाही कळत होतं. पण ते पुन्हा तापवायला कुणी उठत नव्हतं. रंभाच्या मांडीवर, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली बहिरी ससाण्याची मादी पडून होती. डोळ्यांवर चामड्याची टोपी होती, म्हणून तिच्यापुरती सगळीकडे रात्रच होती. फडक्याच्या एका तोंडातून तिची शेपटी बाहेर आली होती, आणि त्या शेपटीतलं एक पीस रंभाच्या नवऱ्याने, देवाजीने, दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं. दारातून येणाऱ्या राखी उजेडात तो ते तिरपं करून पाहत होता. बाहेर भादव्याचा पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता.

काम तसं नेहमीचंच होतं. पावसाळ्यात पाखरू दिवसचे दिवस आत बसून राहतं, बांबूच्या ताटीला घासून पिसाला बाक येतो. तो काढायचा तर पीस कोमट पाण्यात धरायचं आणि वाट पाहायची. पिसाला आपला मूळचा आकार आठवतो, असं देवाजीचा बाप म्हणत असे. आणि हाताखालचं पीस जिवंत असल्यासारखं हळूहळू सरळ होताना देवाजीने लहानपणापासून पाहिलं होतं. आज पाण्यात धरलेल्या या पिसाला मात्र काहीच आठवलं नाही. ते ऊब लागताच मध्येच एका जागी लवलं. तिथे, पिसाच्या आडव्या अंगाने, एक बारीक रेघ होती. रेघेच्या वर दाट वीण, खाली दाट वीण, आणि रेघेवर जवळजवळ काहीच नाही. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

त्याने दुसरं पीस धरलं. मग तिसरं.

"उजवा पंख काढ बाहेर," तो म्हणाला.

रंभाने फडकं सैल केलं. पंखातल्या नव्या लांब पिसांपैकी दोन पिसांवर तीच रेघ होती. डावा पंख पाहायची गरज नव्हती. पिसं जोडीने गळतात आणि जोडीने येतात. तरी त्याने तो पाहिला.

देवाजीच्या घराण्यात या रेघेला भुकेची रेघ म्हणत. नवं पीस कातडीतून निघतं तेव्हा ते कोवळ्या कोंबासारखं असतं, त्याच्या नळीत रक्त असतं. पाखरू त्या दिवशी जे खाईल तेच त्या दिवशीचं पीस होतं. उपाशी दिवसांचं पीस विरळ होतं, आणि मग पुढे कितीही खाऊ घाला, गेलेले दिवस भरून येत नाहीत. पिसाचं टोक आधी उगवतं, बूड शेवटी. म्हणून जाणत्या माणसाला पिसावरून पावसाळा वाचता येतो. देवाजीने टोकापासून बोटं लावत खाली येऊन पाहिलं. हा आषाढ. हा भादवा. रेघ त्यांच्या मध्ये, श्रावणात.

श्रावणात तो याच घरात, याच भिंतीला लावलेल्या बाजेवर हिवतापाने पडून होता.

"गढीवरून उमाजीनं तिची कबुतरं नाई धाडली," देवाजी म्हणाला.

तो प्रश्न नव्हता, म्हणून की काय, रंभाने उत्तर दिलं नाही. तिने पंख जागच्या जागी मिटवला, फडक्याची टोकं आवळली आणि बहिरीला उचलून शेजारच्या झापात, तिच्या खोपटात, बसायच्या दांड्यावर नेऊन ठेवलं. देवाजीने त्या गप्प राहण्याला होकार समजलं. माणूस ज्याच्यावर पुरता विसंबलेला असतो त्याच्या मौनाचे अर्थ तो किती सहजपणे आपल्या सोयीने लावतो! त्याने घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि तो गढीकडे निघाला.

वाट चिखलाची होती आणि मन त्याहून जड. पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या त्या गावात गढी अजून उभी होती, जमीनदारी तेवढी गेली होती. तिला जाऊनही काही पावसाळे झाले होते. हत्ती, घोडे, शिकारीचे कुत्रे, सगळं एकेक करून गेलं. राहिलेली होती ती ही एक बहिरी आणि तिच्यापुरता ठेवलेला कबुतरखाना. मागच्या हिवाळ्यात नदीवर बदकामागे झेपावताना ती करवंदीच्या जाळीत शिरली आणि पंखाशेपटीची पिसं मोडून घेऊन आली. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या गुणवंतरावांनी देवाजीला बोलावून घेतलं होतं.

"देवाजी," मालक म्हणाले होते, "माझ्याजवळचं होतं ते सरकारनं नेलं. ते असो. पण हिला तर मीच आभाळातून उचलून आणलं ना? तेवढं एक मला माझ्या हातानं परत करायचं आहे. दसरा झाला की मी नागपूरला मुलाकडे जाणार. मग ही गढी बंद, कबुतरखाना बंद. मोडक्या पिसांनी हिला सोडली तर ते सोडणं नव्हे. या पावसाळ्यात पिसं नवी येऊ दे. येतील ना?"

"येतीन, मालक. एक पीस उणं नाई राह्यनार."

हा शब्द देवाजीने दिला होता, आणि सगळा पावसाळा तो त्या शब्दाच्या पहाऱ्यावर उभा होता. पावसात पिसं सांभाळायची म्हणजे लढायचं ते ओलीशी. पाखराला पाऊस लागला तर ते सुकवता येतं. पण दिवसेंदिवस मुरत जाणारी ओल पिसाची वीण सैल करते, बुरशी आणते, पाखराच्या छातीत बसते. देवाजीने तिच्यासाठी घराला लागून झाप बांधला होता. वाऱ्याच्या अंगाला बांबूची विरळ ताटी, पावसाच्या अंगाला दुहेरी. दांड्याखाली नदीची वाळू, आणि ती वाळू रंभा दर दोन-तीन दिवसांनी कढईत भाजून कोरडी करी. धावड्याच्या लाकडाचे निखारे घमेल्यात घालून दूर कोपऱ्यात ठेवायचे, तेही धूर पुरता जिरल्यावर. धुराने पीस कोरडं ठक्क होतं आणि तडकतं. डोक्याला तेल लावलेल्या हाताने पाखराला शिवायचं नाही, म्हणून रंभा आधी राखेने हात धुई. आणि ऊन पडलं की, मग ते घटकाभराचं का असेना, हातातलं काम टाकून बहिरीला अंगणात आणायचं. ती पंख पसरून बसे. शेपटीच्या मुळाशी चोच दाबून तिथला तेलकट ओलावा काढी आणि एकेक पीस त्या चोचीतून ओढून घेई. त्यानंतर तिच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळूच्या पानावरून घरंगळावा तसा निघून जाई. तो थेंब पाहून देवाजीला जे सुख होई त्याला त्याच्याजवळ शब्द नव्हते, आणि रंभाजवळ होते, पण ती ते मस्करीत घालवून टाकी.

"माह्या केसाले कधी एवढं पाह्यलं का तुमी?" ती विचारी.

"तुह्या केसाले उडाचं हाये का?"

"कोनाले ठाव!"

कबुतरखाना सांभाळणारा उमाजी तिथल्या पडवीत जोंधळे पाखडत बसला होता. तो देवाजीच्या बरोबरीचा. लहानपणी दोघं एकाच पुरात वाहत गेले होते आणि एकाच झाडाला अडकले होते, असं गावात सांगत. ते खरं होतं.

"ये, ये," उमाजी म्हणाला. "ससान्याचा सोयरा आला. बस बाप्पा. काय म्हनते तुही राजकन्या? भरले का पंख?"

देवाजी बसला नाही.

"सावनात मी पडलो होतो तवा कबुतर रोज धाडत होता का, उमाजी?"

"म्हंजे?"

"तिच्या पिसावर रेघ हाये. उपाशी राह्यली ते. एक-दोन दिवस नाई, चांगली."

उमाजीच्या हातातलं सूप थांबलं. त्याने आधी हसून पाहिलं, मग ते हसू त्याचं त्यालाच पुरेना.

"रोज एक कबुतर म्या माह्या हातानं देल्लं. नाल्याले पूर होता त्या दिवशी माही पोरगी भागीरथा कमरेएवढ्या पान्यातून घेऊन गेली तुह्या घरी. तिले इचार. नाईतं तिलेही चोट्टी म्हन."

"चोर नाई म्हनलं मी."

"मंग काय म्हनून राह्यला? कबुतरं म्या खाल्ली, का इकली? मालकाच्या बहिरीच्या तोंडातला घास काढून माह्या घरात शिजवला? काऊन, तुह्या मनात हे आलं कसं, तेवढं सांग मले. जवानीत आलं असतं तं समजलो असतो."

देवाजी खाली मातीकडे पाहत राहिला. आपण आलो तेव्हा किती खात्रीने आलो होतो, आणि आता तीच खात्री अंगावरच्या भिजल्या खोळीसारखी गार आणि बोजड झाली आहे, एवढंच त्याला जाणवत होतं.

"उलटी तुह्या बायकोची गोठ सांगतो," उमाजी रागाच्या भरात बोलतच होता. "मले म्हने, भाऊ, हाडकं फोडून देत जा. म्या म्हटलं, बाई, ससाना तं हाडकं तशीच गिळते, त्याले कायले फोडून पाह्यजे? त्याचे दात पडले का? तं ते हासलीही नाई. नेलं अन गेली. म्या तरी रोज फोडून देल्लं. हे माही चोरी."

पावसाची एक सर पडवीच्या वळचणीवरून सरकत गेली. देवाजीला हाडं ऐकू आली. म्हणजे, आजारातल्या त्या दिवसांतला एक आवाज त्याला पुन्हा ऐकू आला: चुलीवरच्या गाडग्यात काहीतरी कठीण, बारीक, उकळत्या पाण्याबरोबर कडेला आपटत होतं. आणि त्या मागोमाग वास आला. जिरं आणि मीठ यांच्या आड लपलेला, रानटी, गोडसर. तो रस्सा रंभाने आपल्या हाताने त्याचं डोकं उचलून धरून त्याला पाजला होता. कुठून आणलं, म्हणून त्याने विचारलंही होतं. गुणाबाईच्या घरी कोंबडी कापली, तिनं दिलं, असं ती म्हणाली होती. आणि शेजारणीच्या चांगुलपणावर डोळे मिटून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला होता.

"उमाजी," तो म्हणाला, "माहं चुकलं."

"चुकलं ते चुकलं." उमाजीने सूप पुन्हा हातात घेतलं. "कबुतर दसऱ्यापावतर मिळन. मालकाले शब्द देल्ला हाये. पन तू नको येऊ घ्याले. रंभाले धाडत जा."

घरी रंभा चुलीपुढे बसून वाळू भाजत होती. उलथण्याचा खरखर आवाज तो दारात आल्यावरही थांबला नाही.

"हाडकं कायले फोडून घेतली उमाजीपासून?"

उलथणं थांबलं.

"तुमाले समजलं ना," ती म्हणाली. "मंग कायले इचारता?"

"तुह्या तोंडानं आयकाचं हाये."

रंभाने कढई उतरवली. पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर देवाजीला सोपं गेलं असतं.

"पेज तुमच्या पोटात टिकत नव्हती. डोळे खोल गेले होते. मानमोडीनं आपल्या कोंबड्या गेल्या, गुणाबाईच्या गेल्या, साऱ्या गावच्या गेल्या. कोंबडी होती कुठी? गढीतलीही कबुतरं मोजून तिच्यापुरतीच. वैदानं मले दाराबाहेर नेऊन सांगतलं, मांसाचा रस पोटात गेला तं हा उठन, नाईतं मले बलावू नको. आन रोज सकाळी माह्या हाती एक ताजं कबुतर येत होतं. रोज. गरम. मी काय करू, सांगा."

"तिले काय देल्लं मंग?"

"तेच कबुतर. कोमट पान्यात पिळून-पिळून. पानी तुमाले, हाडकं तुमाले. चोथा तिले."

मागच्या हिवाळ्यात देवाजीनेच तिला ते शिकवलं होतं. सुस्तावलेल्या ससाण्याला शिकारीच्या भुकेवर आणायचं असलं की मांस पाण्यात धुऊन, पिळून द्यायचं. पाखराचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. ते मांस पांढरं पडतं, भिजलेल्या कागदासारखं. आपल्या बापाने दुसऱ्या कुणाला न सांगितलेली युक्ती त्याने बायकोला एका दुपारी, तिची बोटं हातात धरून, दाखवली होती; किती दाबायचं, कधी थांबायचं. कारण एकट्याच्या जिवावर पाखरू सांभाळणं वयामुळे कठीण होत चाललं होतं, आणि कारण तिला सांगितलेलं कुठे जाणार नव्हतं.

"मी रोज संध्याकाळी इचारत होतो तुले," तो म्हणाला. "खाल्लं का तिनं. तू म्हने, पोटभर."

"हो."

"एक दिवस माह्या मनात आलं, डोळ्यानं पाहावं. तू तिले मुठीवर घेऊन दारात उभी राह्यली. गळ्याखालची पिशवी टम्म भरली होती. म्या पाह्यली. म्या हात जोडले तुले, बाजेवरून."

"हो."

"ते काय होतं?"

"तोच चोथा होता. दुरून भरल्यावानी दिसते, हे तुमीच सांगतलं होतं."

देवाजी भिंतीला टेकला. शरीरात जे आता निरोगी होतं, हिवतापातून वर आलेले हे हात, हे पाय, चढण चढून आलेला हा श्वास, त्या सगळ्यांविषयी त्याला एकाएकी परकेपणा वाटला. जणू त्याच्या नकळत कुणी त्याला दुसऱ्याच्या दाराशी चोरी करायला उभं केलं होतं, आणि चोरीचा माल त्याच्याच रक्तात दडवून ठेवला होता. बाहेरच्या माणसाने घात केला असता तर त्याच्याकडे पाठ फिरवून घरी येता आलं असतं. इथे घात घरात शिजला होता, आणि घास घास करून मायेने भरवला गेला होता. त्याला राग कुठे ठेवावा ते समजेना. तिच्यावर ठेवावा, तर तो तिच्यामुळेच जिवंत होता. स्वतःवर ठेवावा, तर त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"दसऱ्याले मालक तिले सोडतीन," तो म्हणाला. "पहिल्या झेपेले पिसं रेघेवर मोडतीन. मंग ते शिकार कशी करन? कोनत्या झाडावर उपाशी बसन, ते पाहाले कोनी नसन."

"तुमाले पीस जोडता येते. सुई घालून. मोडक्याले धड जोडता."

"जोडलेलं पीस आपल्या मुठीवर बसनारीले पुरते. रोज संध्याकाळी घरी येनारीले. रानात एकटी जानारीले नाई. आन आनखी एक पावसाळा तिले ठेवाचं म्हटलं तं कबुतर कुठून आनू? गढीच बंद होते."

चुलीतलं लाकूड रंभाने मागे ओढलं.

"आन उमाजी?" देवाजीचा आवाज आता फाटला. "तुह्यासमोर म्या त्याचं नाव घेतलं. तू गप्प राह्यली. मले जाऊ देल्लं त्याच्या दारात. माह्या जन्माचा एक मानूस होता तो, रंभा."

"मी बोलनार होती. हाक मारली दारातून. तुमी खोळ घेऊन निंगाले होते."

"खोटं."

"हो, खोटं," ती म्हणाली. "नाई मारली हाक. म्या म्हटलं, एक दिवस आनखी जाईन तं जाऊ द्यावं. तुमचं तोंड पाहावलं नाई."

आतल्या झापात बहिरीने अंग झाडलं. तिच्या पायातली घुंगरं वाजली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"सांगाचं होतं मले," देवाजी म्हणाला. हे वाक्य त्याच्या मनात उमाजीच्या पडवीपासून तयार होत आलेलं होतं, आणि बोलून दाखवल्यावर ते त्याला फार लहान वाटलं. "काहीही कराचं होतं. पन मले सांगून कराचं होतं. तिचा शब्द म्या देल्ला होता. तू माह्या तोंडातून तो मोडला, आन मले ठाव नाई."

रंभा उठली. चुलीच्या उजेडात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला तिच्या हातांना लागलेल्या राखेचा वास आला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कदाचित ते श्रावणातच वापरून झालं होतं.

"बरं," ती म्हणाली. "सांगतलं असतं. तुमच्या बाजेपाशी बसून सांगतलं असतं, का हे एक कबुतर हाये, आन तुमी दोघं हाव. वैद असा म्हनून गेला, आन मालकाले तुमचा शब्द असा हाये. मंग तुमी काय म्हटलं असतं? मले सावनापासून हेच समजून घ्याचं हाये. मी रोज पिळताना तुमच्या तोंडून दोन्ही उत्तरं आयकत होती, आन दोन्हीही मले खरी वाटत होती. तुमीच सांगा आता. प्याले असते तुमी, का तिले द्या म्हटलं असतं?"

देवाजीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तो वळला, कोपऱ्यातली ओली खोळ त्याने न झटकता डोक्यावर ओढली, आणि अंगणातल्या चिखलात पावलं रोवत तो नदीच्या बाजूला चालू लागला.